पुर्जा कुठं ठेवायचा

नसीरभाई,

तुम्हाला जाऊन चाळीस दिवस झालेले नाहीत, तुमचा चाळिसावा अजून व्हायचा आहे. त्याआधी तुमच्याशी भांडायला बसावं की नाही, हे मला कळत नव्हतं. भाभींना विचारलं. त्या म्हणाल्या, "भांडा की. त्यांना सवय हाय." म्हणून बसलो आहे.

लोक तुमच्याबद्दल चांगलंच बोलत आहेत. सेनगावात ज्याला टायपिंग येतं त्याची बोटं तुमच्या हाताखालून गेलेली आहेत, हे जो तो सांगतो. आपलं भांडण मात्र कुणाला सांगता येत नाही. समजावून सांगायला लागलं की समोरचा माणूस खिशातला मोबाईल काढून बघू लागतो. तरी आज मी ते सुरुवातीपासून लिहिणार आहे. तुम्हाला सगळं ठाऊक आहे, पण आपण इतकी वर्षं नेमके कशावरून भांडत होतो, हे इतरांनाही एकदा कळू द्या. नाहीतर त्यांना वाटेल, जमिनीचा वगैरे वाद होता.

तुमच्या टायपिंग क्लासमधल्या जुन्या कॉम्प्युटरवर फुकट मिळणारी सिस्टीम होती आणि तिच्यात लिहिण्यासाठी एक साधा एडिटर होता. अक्षरं टाइप करायची आणि जपून ठेवायची, एवढंच त्याचं काम. त्यात मराठी लिहिता यायचं, पण तुमच्या विद्यार्थ्यांना नाही. तुम्ही त्यांना टाइपरायटरच्या कळांवर घडवलेलं, आणि कॉम्प्युटरच्या कळांची मांडणी निराळी. बोटं सवयीनं योग्य जागी जायची आणि पडद्यावर भलतंच उमटायचं. तेव्हा तुम्ही म्हणालात, या एडिटरला एक जोड बसवू. बोटं जुनीच राहतील, अक्षरं नवी येतील. कोणत्या कळेवर कोणतं अक्षर, अर्धा र कुठून उचलायचा, वेलांटी आधी की नंतर, हे सगळं तुमच्या बोटांत होतं. ते कोडमध्ये उतरवायचं काम माझं. अशा जोडाला सगळे प्लगइन म्हणतात. तुम्ही अर्धं आयुष्य टाइपरायटर दुरुस्त केलेले, तुम्ही त्याला पुर्जा म्हणालात, आणि तेच नाव राहिलं.

कोड लिहिला की तो कंपाइल करावा लागतो. माणसाला वाचता येईल असं जे लिहिलंय ते मशीनला समजेल अशा रूपात आटवायचं, दुधाचा खवा करतात तसं. आटवताना जे आत पडलं ते पडलं. खवा झाल्यावर त्यातली वेलची वेगळी काढता येत नाही. आणि आपल्या पुर्ज्याला आटवतानाच सांगावं लागत होतं की बाबा, तू राहणार कुठं. तो पत्ता त्याच्या आतच जाऊन बसायचा.

इथं भांडण सुरू झालं.

कॉम्प्युटरवर ज्या ज्या माणसाच्या नावाचं खातं असतं, त्याला स्वतःची एक जागा मिळते. सिस्टीमही तिला घरच म्हणते. याशिवाय एक सामाईक जागा असते, यूएसआर-लोकल नावाची. आपल्या हातानं बसवलेल्या आणि सगळ्यांनी वापरायच्या गोष्टी तिथं ठेवायच्या, असा रिवाज आहे. मी कॉलेजात हे नुकतंच शिकलो होतो आणि फार आदरानं शिकलो होतो. मी तुम्हाला म्हणालो, पुर्जा सामाईक जागेत ठेवू.

"तिथला मालक कोण?" तुम्ही विचारलंत.

"रूट."

"म्हंजे कोण?"

"सगळ्या सिस्टीमचा मालक. त्याला सगळे अधिकार असतात."

"कधी भेटला का तू त्याला?"

मी म्हणालो, रूट म्हणजे माणूस नव्हे, ती एक व्यवस्था आहे. तुम्ही चष्मा कपाळावर सरकवलात. "मग नको. ज्याला चहा पाजता येत न्हाई, त्याच्याकडं म्या माझा पुर्जा ठेवत न्हाई. माझ्या घरी ठेव."

तुमचं कारण मला नंतर कळलं. टाइपरायटरच्या दिवसांत तुम्ही एका कचेरीत दुरुस्तीला जायचा. तिथं सगळ्या यंत्रांचे सुटे भाग एका सामाईक कपाटात ठेवायचा नियम होता. तुम्ही आज ठेवलेली स्प्रिंग उद्या तिथं नसायची, आणि ती कुणी नेली हे कुणालाच माहीत नसायचं, कारण कपाट सगळ्यांचं होतं. शेवटी तुम्ही कचेरीचे पुर्जे स्वतःच्या घरी, भाभींच्या बिस्किटांच्या डब्यात ठेवायला लागलात, आणि तेव्हापासून त्या कचेरीचं टायपिंग कधी अडलं नाही. भाभींची बिस्किटं अडली, पण ते वेगळं.

तर पुर्जा तुमच्या घरी बसला. सेनगावात झकास चालला. मग तो कुरुंद्याला गेला.

कुरुंद्याच्या मुलींच्या शाळेत वाघमारे बाई कॉम्प्युटर शिकवतात. त्या तुमच्याच विद्यार्थिनी. त्यांनी पेन ड्राइव्हवर पुर्जा नेला, बसवला, आणि तो म्हणाला, नसीर नावाचं घर इथं सापडत नाही. त्याच्या पोटात तुमच्या घराचा पत्ता आटवलेला होता ना. बाईंनी फोन केला. मी म्हणालो, सोपं आहे, सामाईक जागेचा पत्ता घालून पुर्जा नव्यानं कंपाइल करून देतो, मग तो कुठंही चालेल. मला वाटलं, आता तरी तुम्ही ऐकाल.

तुम्ही ऐकलं, पिशवी उचललीत, हिंगोलीला एसटी बदललीत आणि कुरुंद्याला जाऊन प्रत्येक कॉम्प्युटरवर तुमच्या नावाचं एकेक खातं उघडून आलात. "घर न्हाई म्हणून राहिला होता ना? बांधून देलं."

पुर्जा चालला. जगात कुठल्याही पुस्तकात हा उपाय लिहिलेला नसेल. पत्ता चुकला म्हणून पत्रावरचा पत्ता बदलायचा सोडून तुम्ही त्या गावात जाऊन राहिलात.

नंतर कनेरगाव नाक्यावरच्या ऑनलाइन फॉर्म भरायच्या दुकानात घर बांधलंत. मग दोन-तीन ग्रामपंचायतींत. दर वेळी मला फोन. "ग्रॅज्युएट, आज आणखी एक घर झालं. जिल्ह्यात माझ्याइतकी घरं कोणाची असतील का रे?" मागून भाभींचा आवाज यायचा, की सेनगावच्या घराचे पत्रे गळून राहिले, एखाद्या दिवशी त्या घराचंबी बघा.

आणि तुम्ही कुठल्याच घराला कुलूप लावलं नाही. पासवर्डच ठेवला नाही. मग लोकांनी स्वतःची खाती उघडायचं सोडून दिलं. बसलं की नसीरवर टिचकी मारायची आणि कामाला लागायचं. जे जे लिहिलं जायचं त्याच्या मालकाच्या जागी तुमचं नाव यायचं. कुरुंद्यातल्या मुलींचे निबंध तुमचे. स्नेहसंमेलनाचं स्वागतगीत तुमचं. हळद शिजवायची कढई भाड्यानं मिळेल ही जाहिरात तुमची. कनेरगाव नाक्यावर एका मुलीच्या लग्नाची पत्रिका तुमच्या नावावर निघाली आणि त्याच आठवड्यात ते लग्न मोडल्याबद्दलचा अर्जही तुमच्याच नावावर. मी हे तुम्हाला दाखवून म्हणालो, बघा, घोटाळा होतोय. तुम्ही तो अर्ज वाचलात, दोन ठिकाणी शुद्धलेखन सुधारलंत आणि म्हणालात, "पोरगी हुशार हाय. बराबर केलं तिनं."

एकदा शाळेत तपासणीला साहेब आले. त्यांनी प्रत्येक पडद्यावर एकच नाव पाहिलं आणि विचारलं, हे नसीर कोण, हजेरीपटावर दिसत नाहीत. वाघमारे बाई घाबरून खरं ते बोलून गेल्या. "सर, ते इथं येत नाहीत. फक्त राहतात." साहेबांनी काय शेरा मारला ते कळलं नाही, पण बाई सांगत होत्या की जाताना त्यांनी टेबलाखाली वाकून पाहिलं.

तुम्ही हसत होतात. मी हसलो नाही. मला तो वाद हसण्याचा वाटत नव्हता, आणि ते तुम्हाला एकदाच नीट सांगितलं, क्लाससमोरच्या हॉटेलात. मी म्हणालो, माझे वडील मोंढ्यात हमाली करतात. कुठलाही दाखला काढायचा तर त्यांना आधी ओळख शोधावी लागते. अमक्याचा मेहुणा, तमक्याचा पाहुणा. कुणाच्या तरी घरी जाऊन दाराशी उभं राहावं लागतं. सामाईक जागा म्हणजे मला तेवढंच कळतं, की तिथं ओळख लागत नाही. जो बसेल त्याचं काम झालं पाहिजे. पुर्जा चांगला आहे, तो तुमच्या नावाशिवाय चालला पाहिजे.

हे बोलताना माझा आवाज चढला होता. हॉटेलवाला भजी काढायची थांबला. तुम्ही चहाची बशी खाली ठेवलीत.

"तुला पहिल्या दिवशी मशीनसमोर कुणी बसवलं? रूटनं?"

मी चहा तसाच टाकून उठलो. कारण उत्तर मला माहीत होतं.

दहावीच्या सुट्टीत मी तुमच्या क्लासच्या दारात चपला काढायच्या जागेवर बसून आतल्यांची बोटं बघायचो. तुम्ही चौथ्या की पाचव्या दिवशी बाहेर आलात आणि म्हणालात, "इथं बसून कोणाच्या चपला राखून राहिला? आत ये." मशीन रिकामं नव्हतं. तुम्ही स्वतः उठलात आणि तुमच्या खुर्चीवर मला बसवलंत. माझे पाय जमिनीला टेकत होते, तरी ते मी वर धरून बसलो होतो. त्या खुर्चीवर पाय टेकवून बसायचं असतं, हे कळायला मला बरेच दिवस लागले.

आणि ती पाटी. आमच्या घराण्यात माझ्याआधी कुणी कॉलेजचं दार पाहिलेलं नाही, त्यामुळे निकाल लागेपर्यंत थांबायचं असतं हे तुम्हालाही माहीत नसावं. शेवटचा पेपर देऊन मी सेनगावला उतरलो तर क्लासच्या भिंतीवर तांबड्या रंगात माझं नाव आणि पुढे बी.सी.ए. मग निकाल लागला आणि माझा एक विषय राहिला. रंग पुसायला तुम्ही तयार नव्हता. पुढच्या निकालापर्यंत माझ्या पदवीवर खताच्या दुकानाच्या कॅलेंडरचं पान चिकटवलेलं होतं. दर महिन्याला तुम्ही पान बदलायचा, कारण जुनी तारीख बरी दिसत नाही. पास झाल्यावर ते काढलं. वडील मोंढ्यातून तसेच, अंगावर पोत्यांची धूळ घेऊन, बघायला आले. त्यांना वाचता येत नाही. तुम्ही त्यांचं बोट आपल्या हातात घेतलं, जसं नव्या विद्यार्थ्याचं घेता तसं, आणि पाटीवरच्या एकेका अक्षरावरून फिरवलं. घरी जाऊन ते हात न धुता जेवायला बसणार होते, आईनं उठवलं.

यातलं काही मी तुम्हाला कधी बोललो नाही. मी तुमच्याशी फक्त यूएसआर-लोकलबद्दल बोलायचो. मला वाटतं, दुसरं काही बोलायची वेळ येऊ नये म्हणूनच मी तो वाद इतका जपला. तुम्ही का जपलात ते विचारायचं राहिलं.

शेवटचा फोनही त्यावरच होता. मी हिंगोलीहून बोलत होतो, आता जिथं शिकवतो त्या कॉलेजच्या लॅबमधून. मी म्हणालो, मशीनं जुनी झाली, कधी ना कधी पुर्जा हलवावा लागेल. तुम्ही म्हणालात, "सोयाबीन निघू दे. मग बसून बोलू. तुझ्या रूटलाबी बोलावून घे, एकदाचं समोरासमोर होऊ दे." सोयाबीन निघालं, नसीरभाई. यंदा दाणा बारीक आहे.

तुमच्या मातीला आलो तेव्हा वाघमारे बाई भेटल्या. तिथं त्या काही बोलल्या नाहीत. आठ-दहा दिवस जाऊ दिले आणि फोन केला. शाळेत नवी मशीनं आली होती. जुन्या मशीनसाठी आटवलेला पुर्जा नव्यावर चालत नाही. तो नव्यानंच आटवावा लागतो. मुलींची टायपिंगची परीक्षा तोंडावर आलेली, आणि सराव बंद पडलेला. बाई म्हणाल्या की त्यांनी तुम्ही शिकवल्याप्रमाणे प्रत्येक नव्या मशीनवर नसीरचं घर आधीच बांधून ठेवलंय, तुमच्या सगळ्या फायलींसकट. आता पुर्जा तेवढा हवा. मग अडखळून विचारलं, "पण सर, आता पत्ता कोणता टाकणार?"

म्हणजे निवड पुन्हा माझ्यासमोर आली, आणि या वेळी नको म्हणायला कुणी नव्हतं. मी इतकी वर्षं म्हणत होतो तेच बरोबर होतं, अजूनही आहे. घरात ठेवला तर तुमच्या नावाचं खातं प्रत्येक मशीनवर कायम उघडं ठेवावं लागणार, आणि उद्या कुणी ते काढून टाकलं की पुर्जा मेला. सामाईक जागेत ठेवला तर मुलींना कधीच अडणार नाही. पण मग तुमची सगळी घरं रिकामी.

मी सेनगावला गेलो. नवरा जाऊन महिना न झालेल्या बाईला पुर्ज्याची डिरेक्टरी, म्हणजे जागा, बदलायची परवानगी कशी मागतात, हे मला कुणी शिकवलेलं नाही. मी खाली मान घालून सगळं सांगितलं, एडिटर, पुर्जा, खवा, पत्ता. भाभींनी मध्ये एकदाही तोडलं नाही. शेवटी त्या म्हणाल्या, "म्हंजे त्यांना घरातून काढून चावडीत बसवायचं."

मी म्हणालो, जवळजवळ तसंच.

"मग त्यात काय विचारायलात. जिते होते तवाबी घरात कुठं बसायचे ते." आणि पदर तोंडाला लावून हसायला लागल्या. हसता हसता रडायला लागल्या. मग एकदम उठून त्यांनी माझ्यासमोर बिस्किटांचा डबा ठेवला. आत अजून स्प्रिंगाच होत्या.

दुसऱ्या दिवशी कुरुंद्याला गेलो. पुर्जा कंपाइल केला. पत्ता विचारला तिथं यूएसआर-लोकल लिहिलं. मग एका मुलीच्या नावाचं कोरं खातं उघडून तिलाच बसवलं. तिनं टाइपरायटरच्या मांडणीनं आपलं नाव मारलं, आणि अर्चनातला रफार बरोबर च-वर जाऊन बसला. तो रफार तुमचा. त्यासाठी तुम्ही मला पुन्हा पुन्हा कोड बदलायला लावला होता. मुलगी म्हणाली, चाललं की सर. तिला कुणाच्या नावावर टिचकी मारावी लागली नव्हती. मी जिंकलो होतो.

मग मी नियमाप्रमाणे पहिल्या मशीनवरचं तुमचं खातं काढून टाकलं. फायली ठेवल्या, फक्त खातं काढलं. आणि फायलींची यादी उघडून पाहिली. खातं गेलं की सिस्टीमला माणसाचं नाव आठवत नाही. तिला फक्त क्रमांक आठवतो. स्वागतगीत, निबंध, हळदीची कढई, सगळ्यांसमोर मालक म्हणून आहेराच्या पाकिटावर असतो तसा आकडा आला होता, एक हजार एक. वरपासून खालपर्यंत. एक हजार एक, एक हजार एक.

वाघमारे बाई माझ्या खांद्यावरून बघत होत्या. त्यांनी विचारलं, "सर, हे कोण?"

मी तेच खातं त्याच क्रमांकावर परत उघडलं. नाव परत आलं. या वेळी त्याला कुलूप घातलं, म्हणजे आता तुमच्या नावावर कुणाला बसता येणार नाही आणि कुणाचं लग्न तुमच्या नावावर मोडणार नाही. बाकीच्या मशीनवर काढलंच नाही, फक्त कुलूप लावत गेलो.

आणि एक केलं, जे कुठल्याच पुस्तकात बसत नाही. सामाईक जागेतल्या वस्तूचा मालक रूट असतो, असलाच पाहिजे. मी तुम्हाला हजारदा सांगितलंय. मी पुर्ज्याचा मालक रूट ठेवला नाही. तिथं नसीर लिहिलं. जागा माझ्या म्हणण्याप्रमाणे, मालकी तुमच्या. माझे विद्यार्थी असं करून आले असते तर मी त्यांचे मार्क कापले असते.

सेनगावात, कनेरगाव नाक्यावर, ग्रामपंचायतींत अजून जायचं आहे. तिथंही असंच करीन. अर्ध्यावर काढलेला हा तोडगा तुम्हाला कधी मान्य झाला नसता, नसीरभाई. मलाही झाला नसता. पण समोर भांडायला कुणी नसलं की माणूस आपोआप समजूतदार होतो, आणि मला ते अजिबात आवडलेलं नाही.

तुमचा,
ग्रॅज्युएट